संरक्षित की बेवारस?

दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस आपल्या मराठी घरांत एक ठरलेला तंटा होतो. घरातल्या बाईचे म्हणणे असते की यंदा भिंतींना रंग द्यायलाच हवा. घरधन्याचे म्हणणे असते की मागचा रंग अजून चांगला आहे, उगाच खर्च कशाला? मग दोन दिवस अबोला, एक दिवस हिशेब, आणि चौथ्या दिवशी शिडी, ब्रश आणि रंगाचा डबा घरात येतो. लक्ष्मीपूजनाला आलेल्या पाहुण्यांना तोच घरधनी मोठ्या ऐटीत सांगतो, "यंदा जरा हात फिरवून घेतला!" वाचकहो, मला या तंट्याविषयी फार आदर आहे. आपली घरे विटा-चुन्याइतकीच या तंट्यावर उभी असतात. ज्या घरात तो होत नाही, ते घर एक तर कोर्टात अडकलेले असते, नाही तर कोणाचेच नसते.

आज मला एका अशाच घराविषयी बोलायचे आहे. ते कोर्टातही अडकले आणि कोणाचेही राहिले नाही. गंमत अशी की सरकारी दप्तरात त्याच्या नावापुढे 'संरक्षित' असा शेरा आहे.

२०१८ सालची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत माझा दहा वर्षांचा भाचा डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आला होता. त्याला मुंबई दाखवायची म्हणून सकाळची गाडी धरली, शिवाजी टर्मिनसला उतरलो आणि चालत चालत काळ्या घोड्यापाशी पोचलो. त्याच वर्षी या भागातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला होता. मीही मास्तरकीच्या सवयीने हे विद्यापीठ, हा राजाबाई टॉवर, हे हायकोर्ट असा पाठ चालवला होता. पोरगा ऐकत होता की नाही देव जाणे. पण एका वळणावर तो थांबला आणि समोर बोट दाखवून म्हणाला, "मामा, ही पडायला आलीये, की बांधायची राहिलीये?"

समोर एस्प्लनेड मॅन्शन उभी होती. काळवंडलेले लोखंडी खांब, झोळीसारखे लोंबणारे सज्जे, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या, भिंतीच्या सांध्यांतून उगवलेले पिंपळ, आणि त्या सगळ्या पसाऱ्यातून डोकावणाऱ्या वकिलांच्या पाट्या. मी वीस वर्षे वर्गात उभा आहे. मुलांच्या प्रश्नांना उत्तर नसले तरी उत्तर दिल्यासारखे करण्याची कला मला येते. त्या दिवशी ती चालली नाही. पोराचा प्रश्न मात्र डोक्यात बसला, आणि हा लेख त्याचेच उशिरा दिलेले उत्तर आहे.

ही इमारत एका कापडाच्या व्यापाऱ्याची. जॉन वॉटसन त्याचे नाव. १८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले, मोकळी जागा विकायला निघाली, आणि वॉटसनसाहेबांनी तिथे आपल्या कापडाच्या पेढीसाठी जागा घेतली. खाली दुकान, वर कचेऱ्या, असा मूळ बेत. पुढे बेत बदलला आणि १८७१ साली तिथे हॉटेल सुरू झाले. नकाशा रोलँड मेसन ऑर्डिश या इंजिनियरचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचे प्रचंड छत उभारण्यात ज्याचा हात होता, तोच हा गृहस्थ. त्याने काय केले? खांब, तुळया, सगळा सांगाडा इंग्लंडच्या कारखान्यात ओतून घेतला, सुटे भाग जहाजावर चढवले आणि मुंबईत आणून बोल्टांनी जोडून काढले. लहान मुलांचा मेकॅनोचा खेळ असतो ना, अगदी तसे! भिंतींनी इमारत पेलायची हा आपला हजारो वर्षांचा रिवाज. इथे भार सांगाड्याने पेलला, आणि भिंती नुसत्या पडद्यासारख्या मधे बसवल्या.

आता जरा आपल्या खिडकीतून बाहेर पाहा. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, कल्याणच्या खडकपाड्याला, डोंबिवलीत पूर्वेला आणि पश्चिमेला जे मनोरे उभे राहताहेत, ते कशावर उभे आहेत? सांगाड्यावर! लोखंडाच्या जागी सळया आणि सिमेंट आले, एवढाच फरक. आधी खांब-तुळयांचा पिंजरा, मग मधे विटा. म्हणजे वॉटसनची इमारत आपल्या या सगळ्या मनोऱ्यांची पणजी आहे. तिला पाडून तिथे टॉवर बांधा म्हणणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की बाबांनो, पणजीला घराबाहेर काढून तुम्ही पणतूला आत घेताहात.

या पणजीने पाहिले काय काय, तेही ऐका. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक इथे उतरला, आणि मुंबईच्या कावळ्यांनी त्याला इतके छळले की पुढे त्याने आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्यावर मनसोक्त सूड घेतला. त्याच वर्षी ७ जुलैला फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंचा माणूस त्यांचे यंत्र घेऊन या हॉटेलात आला, आणि एक रुपया तिकीट लावून त्याने सहा छोटी हलती चित्रे दाखवली. हिंदुस्थानातला सिनेमाचा पहिला खेळ तो हा. त्या वर्षी मुंबईत आलेल्या या नवलाने हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, इतके भारावले की त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि मलबार टेकडीवरच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. दिवाळीत घरातली सगळी मंडळी मिळून जो सिनेमा पाहतात, त्याचा आपल्या देशातला पहिला पाळणा या लोखंडी सांगाड्यात हलला. असा पाळणा दुसऱ्या कुठल्या देशात असता तर त्याला रोज तेलपाणी झाले असते.

आपण काय केले? हॉटेल गेले, इमारतीचे नाव बदलले, खोल्यांच्या कोठड्या झाल्या. कोर्ट जवळ म्हणून वकील आले, खाली दुकाने आली. १९४७ च्या भाडेकायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. लढाईनंतरच्या टंचाईत गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर टिकावे म्हणून केलेला हा कायदा, आणि त्या वेळी तो योग्यच होता. पण टंचाई संपली की न संपली, कायदा काही संपेना! १९९९ चा नवा कायदा आला तोवर अर्धशतक उलटले होते, आणि त्यानेही जुन्या भाड्यावर वर्षाला शेकडा ४ एवढीच वाढ दिली. आता सांगा, मूळ भाडे जर पानसुपारीच्या खर्चाएवढे असेल, तर त्यावरच्या शेकडा चारात लोखंडाच्या पाच मजल्यांना रंग कसा लागणार? मालक म्हणाला, भाडे परवडत नाही, दुरुस्ती कुठून करू? भाडेकरू म्हणाला, इमारत माझी नाही, खर्च मी का करू? सरकारने १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ काढले होते, पण त्याच्यापुढे हजारो मोडक्या चाळींची रांग. आणि १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींचे नियम आले, त्यांत ही इमारत दुसऱ्या श्रेणीच्या 'अ' वर्गात बसली. म्हणजे काय झाले? तिला हात लावायचा तर परवानगी हवी, असे ठरले. हात लावलाच पाहिजे, असे मात्र कोणीच ठरवले नाही.

माझा खरा राग इथे आहे. आपल्याकडे 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' अशी म्हण आहे. यादी करणारी बायजी उदार झाली, आणि खर्च आयजीच्या माथी मारून मोकळी झाली. 'संरक्षित' हा शब्द आपण असा वापरतो, जसा एखादा बाप मुलाचे नाव शाळेत घालतो आणि पुन्हा कधी त्याची पाटीही पाहत नाही. मुलगा नापास झाला की हाच बाप म्हणतो, "मी तर नाव घातले होते!"

मुलगा नापास झालाच. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एक माणूस मेला. ही इमारत जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीतही गेली. एका यादीतून दुसऱ्या यादीत, एवढाच काय तो तिचा प्रवास! २०१८ साली पुन्हा सज्जाचा भाग खाली आला. २०१९ च्या मे महिन्यात हायकोर्टाच्या हुकमाने इमारत रिकामी झाली. पवईच्या आय. आय. टी.च्या अहवालाने ती पाडावी असे सुचवले. उलट इमारतींच्या जतनाचे काम करणाऱ्या जाणकारांनी सांगितले की ती दुरुस्त होऊ शकते.

आता इथे तीन प्रकारचे लोक पुढे येतात, आणि तिघांनाही मला उत्तर द्यायचे आहे.

पहिला म्हणतो, ही गुलामगिरीची निशाणी. इथे म्हणे आपल्या माणसाला दारात उभे करत नसत. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला आणि म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आख्यायिका खरी असो वा खोटी, १९०३ साली ताज उघडले आणि वॉटसनची सद्दी संपली. म्हणजे सूड घ्यायचा तो टाटांनी घेऊन झाला, आणि मोठ्या रुबाबात घेतला. आता आपण त्या म्हाताऱ्या सांगाड्यावर काय शौर्य गाजवायचे? साहेबाची वस्तू म्हणून टाकायची, तर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली आगगाडीही साहेबाचीच होती. ती परत पाठवू या, आणि उद्या सकाळपासून डोंबिवलीकरांनी कचेरीला पायी निघावे!

आमच्या ठाण्याचेच पाहा ना. जवळजवळ दोनशे वर्षे हे गाव पोर्तुगिजांकडे होते. त्यांनी बांधायला घेतलेला किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४ साली इंग्रजांनी घेतला, पुढे तिथे तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे तिथे फासावर गेले. आता सांगा, तो किल्ला कोणाचा? पोर्तुगिजांचा, की कान्हेऱ्यांचा? दगड ज्याने रचला त्याच्या मालकीचे ते राहत नाहीत. त्यांच्यात पुढे जे जगले आणि मेले, त्यांच्याही मालकीचे ते होतात. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तो किल्ला टिकला, कारण तो वापरात राहिला.

दुसरा गृहस्थ व्यवहारी. तो म्हणतो, माणसाच्या जिवापेक्षा इमारत मोठी आहे का? त्याच्यापुढे मी मान खाली घालतो. नाही, मोठी नाही. २००५ साली जो माणूस गेला त्याच्या घरच्यांना मी सिनेमाचा इतिहास सांगायला जाणार नाही. २०१५ च्या एका पावसाळ्यात ठाकुर्लीत आणि नौपाड्यात जुन्या इमारती पडून माणसे गेली, ती आपल्या ओळखीपाळखीची होती. धोका असेल तर माणसे बाहेर काढाच. पण माणसे बाहेर काढणे वेगळे आणि इमारत पाडणे वेगळे. जुने तेवढे पडते आणि नवे तेवढे टिकते, असे म्हणाल तर शिळफाट्याकडे पाहा. ४ एप्रिल २०१३ ला तिथे जी बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली, ती म्हातारी नव्हती. तिचे बांधकाम अजून चालू होते. इमारत वयाने पडत नाही, वाचकहो. ती माणसाच्या हयगयीने पडते, नाही तर लोभाने पडते. म्हातारीला पाडून लोभ जाणार असेल, तर मी स्वतः पहार घेऊन येतो.

तिसरे लोक माझ्याच जातकुळीतले, म्हणजे हळवे. इमारतीसमोर उभे राहून फोटो काढणारे, 'गेले ते दिवस' म्हणणारे, पाडायची बातमी आली की लेख लिहिणारे. यांच्यावर माझा राग सर्वांत जास्त, कारण मी त्यांच्यात आहे. लोखंडाला अश्रूंनी गंजच चढतो. त्याला रंग लागतो.

त्याच ल्यूमिएर बंधूंच्या फ्रान्समध्ये जाऊ. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला, तेव्हा तो अवघी वीस वर्षे ठेवायचा करार होता. बिनतारी संदेशांच्या कामी उपयोगी पडला म्हणून वाचला. इथेही वापरानेच वाचवले! पण आजवर टिकला कसा? साधारण दर सात वर्षांनी माणसे दोरांवर लोंबकळत त्याला नखशिखांत रंग देतात. एका वेळचा रंग सुमारे ६० टन. ना मंत्र, ना तंत्र, रंगाचा डबा! आणि फ्रेंचांनी १९५४ साली जे गाव आपल्या हाती सोपवले, त्या पुदुच्चेरीत काय झाले? तिथल्या नगरपालिकेची एकोणिसाव्या शतकातली देखणी इमारत, डागडुजीच्या गोष्टी चालू असतानाच, २०१४ च्या नोव्हेंबरात पावसात बसली. मग त्या जागी तशाच तोंडवळ्याची नवी उभारली. मेलेल्या माणसाचा हुबेहूब पुतळा करण्याइतके आपण कुशल आहोत. जिवंतपणी त्याला औषध द्यायला मात्र आपल्याला सवड नसते.

आपल्याला जमत नाही म्हणावे, तर तेही खोटे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडले होते. मालकांनी मनावर घेतले, जाणकारांच्या हाती काम दिले, आणि २०१६ साली तिथे पुन्हा पडदा उघडला. म्हणजे विद्या आहे, कारागीर आहेत. नाही ती जबाबदारी.

आता माझी कबुली. आम्ही राहतो ती डोंबिवलीची इमारत पस्तिशीतली. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत गच्चीची गळती बंद करायला आणि बाहेरून रंग द्यायला वर्गणी मागितली. कोणीतरी म्हणाले, "कशाला? पाच-सात वर्षांत पुनर्विकास येणारच आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांत माझीही मान होती. घरी येऊन जिन्यातली सुटलेली सळई पाहिली, तिच्यावरून गंजाचे पाणी ओघळत होते, आणि त्या क्षणी मला एस्प्लनेड मॅन्शन कशी झाली ते कळले. ती कोणा दुष्टाने बुडवली नाही. 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणणाऱ्या माझ्यासारख्या सभ्य माणसांनी बुडवली. पाडायचेच आहे असे एकदा मनात धरले, की रंग देणे हा मूर्खपणा वाटू लागतो. आणि रंग दिला नाही की पाडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हा फास आपणच आपल्या गळ्यात घालतो आणि त्याला विकास म्हणतो.

म्हणून माझे मागणे सोपे आहे. ज्या इमारतीला 'संरक्षित' म्हणायचे, तिच्या दारावर नावाच्या पाटीखाली दरवर्षी एक हिशेब लागलाच पाहिजे: यंदा रंग कोणी दिला, पन्हळी कोणी साफ केल्या, पिंपळ कोणी उपटला, किती खर्च आला. हिशेब नसेल तर पाटीही उतरवा. निदान लोकांची फसवणूक तरी होणार नाही. दुसरे, भाडेकायद्याची सावली राहत्या गरिबाला द्या. मोक्याच्या जागी बसून धंदा करणाऱ्याने इमारतीच्या निगराणीचा रास्त वाटा उचलावा. तिसरे, मालक ठरल्या मुदतीत दुरुस्ती करत नसेल तर सरकारने करावी आणि खर्च त्याच इमारतीच्या उत्पन्नातून वळता करावा. वारसा इमारतीच्या मालकाला बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकण्याची सवलत द्याल, तर त्या पैशाचा पहिला रुपया लोखंडाला लागू द्या.

आणि चौथे मागणे आपल्या ठाणे-कल्याणकरांसाठी. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचे नामांकित बंदर. ग्रीक दर्यावर्दीच्या वृत्तान्तात त्याचे नाव आहे. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली, आणि त्यांची नावे तिथल्या दगडांत आजही आहेत. कान्हेरीत नावे आहेत, पण कल्याणात त्यांच्या पेढीचा एक उंबरठा नाही. दोन हजार वर्षांची गोष्ट सोडा. आपल्या पणजोबांनी ज्या दुकानातून लग्नाचे कापड घेतले, ते दुकान तरी आपल्या नातवंडांना दिसणार आहे का? या सुट्टीत मुलांना घेऊन आपल्या गावच्या बाजारातून एक फेरी मारा. नक्षीच्या तीरांचे जुने दुकान दिसले तर आत जा, त्या दुकानदाराकडून पणत्या घ्या, चार गोष्टी विचारा. वापर म्हणजे हाच.

माझा भाचा आता कॉलेजात जातो. त्याला मी उत्तर कळवले आहे: "बाळा, ती पडायलाही आली होती आणि बांधायचीही राहिली होती. कारण घर एकदा बांधून होत नाही. ते दर दिवाळीला थोडे थोडे बांधावे लागते."

आणि हो, आमच्या सोसायटीची सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. गळतीचा विषय मीच कार्यक्रमपत्रिकेवर घालायला लावला आहे. वर्गणीचा पहिला चेक माझा. तंटा होईल. झालाच पाहिजे.